पोटखराब

मराठीच्या प्राध्यापकांनी जाहीर नोटीस वाचावी काय, असे आम्हाला कुणी विचारले नव्हते. पण गेल्या वर्षी ती वाचावी लागली, आणि वाचल्यावर एम.ए.च्या वर्गातही न्यावी लागली. जळगावच्या हद्दीलगत एका तलावाच्या वरच्या अंगाला असलेली जमीन शेती विभागातून वगळून रहिवास विभागात घेण्याचा प्रस्ताव होता. गावाचे व गटाचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण अद्याप निकाली निघालेले नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली निघते तशीच ती नोटीस होती : हरकती व सूचना एका महिन्याच्या आत लेखी सादर कराव्यात.

हा एक महिना महत्त्वाचा का, ते आधी सांगितले पाहिजे. प्लॉट पडू लागले, खुंट्या ठोकल्या गेल्या, रस्त्यावर मुरूम आला, की लोक जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो. विभाग एकदा रहिवासाचा ठरला की ले-आऊटची मंजुरी हा जमीनमालक आणि नियोजन प्राधिकरण यांच्यातला व्यवहार होतो. त्या वेळी नागरिकांच्या हरकती मागवण्याची तरतूद नाही. जमीन महसूल संहितेत २०१४ आणि २०१७ साली झालेल्या बदलांमुळे अशा जमिनीला स्वतंत्र बिनशेती परवानगीचीही गरज उरलेली नाही. म्हणजे वसाहतीचा प्रश्न वसाहतीच्या वेळी विचारलाच जात नाही. तो विचारला जातो जमिनीवर ज्वारी किंवा कापूस उभा असताना, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात.

नोटिशीत तलाव होता, पण कसा? चतुःसीमेत. पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस तलाव. तलाव म्हणजे जमीन जिथे संपते ती रेघ. पाण्याच्या बाजूने पाहिले तर वस्तुस्थिती अगदी उलटी आहे : तलाव तिथे सुरू होत नाही, तो वरच्या उतारावर सुरू होतो. जळगावकरांना हे नव्याने सांगायला नको. अंबरझरा तलाव भरून वाहू लागला की मेहरूण तलावाकडे पाणी येते, आणि पावसाळ्यात गावात त्याचीच चर्चा असते. मेहरूणच्या काठावर विसर्जनाला किंवा फिरायला जाणारा माणूस काठ पाहतो. तलाव भरणारी वाट त्याच्या पाठीमागे असते.

ही वाट कागदावर कुठे सापडते, याचा शोध आम्ही विद्यार्थ्यांसह घेतला, आणि ती सापडली सातबाऱ्यावर, ‘पोटखराब’ या शब्दाखाली. पोटजात, पोटहिस्सा, पोटनिवडणूक यांतले ‘पोट’ ते हेच : आतले, उप. शेताच्या पोटातले जे लागवडीला निरुपयोगी, ते पोटखराब. त्याचेही दोन वर्ग. ‘अ’ वर्गात खडकाळ जागा, खळे, शेतातले घर. ‘ब’ वर्गात रस्ता, पायवाट, तळे आणि अनेकांच्या वापराचा नाला. आकारणीच्या दृष्टीने जे खराब, पाण्याच्या दृष्टीने तेच कामाचे. महसुली मराठीने नाल्याला दोष म्हणून नोंदवले खरे, पण निदान नोंदवले तरी. प्रस्तावाच्या नकाशात ती नोंद शोधावी लागली.

विद्यार्थ्यांनी हरकतीचा पहिला मसुदा केला तो, अपेक्षेप्रमाणे, निसर्गकवितेच्या अंगाने. त्यांचा तरी काय दोष? १९०७ साली ज्या जळगावच्या कविसंमेलनात ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, त्याच जिल्ह्यात आम्ही त्यांना वर्षानुवर्षे रम्य, शांत, निळेशार अशी विशेषणे जमवायला शिकवतो. हरकतीत विशेषणांचा उपयोग नसतो. मग मुले उतारावर जाऊन आली. गट क्रमांक, पोटखराबाचे क्षेत्र, नाला कोणत्या बांधातून शिरतो आणि कुठे बाहेर पडतो, हे लिहिले. चौथा मसुदा दीड पानाचा झाला, आणि आमच्या मते त्या वर्षी वर्गात लिहिले गेलेले ते सर्वोत्तम गद्य होते.

पाणथळ जागांच्या नियमांचा आधार घ्यावा, असे एकाने सुचवले. २०१७ च्या नियमांत पाणथळीच्या पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत कायम बांधकामास मनाई आहे. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येतच बसत नाहीत. खानदेशात नैसर्गिक सरोवरे ती किती? धुळ्याचे नकाणे आणि डेडरगाव घ्या, नाहीतर खेडोपाडीचे पाझर तलाव घ्या. आपल्याकडे पाणी साठले ते बांध घातला म्हणून. पूर्वजांनी कष्टाने केले, एवढ्याच कारणाने ते संरक्षणाबाहेर राहावे, हे आम्हाला तरी न्यायाचे वाटत नाही.

कलम ३७ मध्ये दोन प्रकारची माणसे आहेत. हरकत घेऊ शकते ती ‘कोणतीही व्यक्ती’. स्वतंत्र नोटीस मिळते ती ‘बाधित व्यक्तीं’ना. या दोन शब्दप्रयोगांवर आमचा एक अख्खा तास गेला. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरची विहीर तलावाच्या भरावाखाली आहे. पाझरावर तिचे पाणी टिकते, आणि त्या पाण्यावर केळीचे एक एकर. त्याच्या वडिलांना नोटीस आली नव्हती. प्रस्तावाची बातमी त्यांच्या घरी पोचली ती मुलाच्या वहीतून.

सुनावणीला ते दोघे गेले, आम्हीही मागे बसलो. तुमची जमीन प्रस्तावात आहे का, असे विचारण्यात आले. वडील म्हणाले, नाही साहेब, खाली विहीर आहे. कारकुनाने क्षणभर थांबून ‘संबंध’ या रकान्यात ‘विहीर’ एवढेच लिहिले आणि पुढचा क्रमांक पुकारला.