परक्या अंगणातले मासे

हिडकल धरणातला मासा आमच्या घरी कधी शिजला नाही. आम्ही मासे खाणारी माणसं. गोव्याकडून बेळगावच्या बाजारात येणारा बांगडा, सुरमई सगळं चालायचं. नदीचा मरळ तर आई फार आवडीने करायची. पण कोळीण "हिडकलचा आहे, ताजा आहे" म्हणाली की आई टोपली हाताने मागे सारायची. "आमच्या अंगणातले मासे ते. कसे खायचे?" एवढंच म्हणायची.

आईचं माहेर हुक्केरी तालुक्यातलं हुन्नूर. घटप्रभेवरच्या धरणाचं काम १९७७ साली पूर्ण झालं. आज त्याला राजा लखमगौडा जलाशय म्हणतात. त्या पाण्यात गाव गेलं. विठ्ठलाचं देऊळ तेवढं जागच्या जागी उभं राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं आणि आसपासची माणसं दर्शनाला जातात. आई हात-पाय चालत होते तोवर जायची. नारळ फोडायची आणि देवळापासून पावलं मोजत घराची जागा दाखवायची. तिथे भेगाळलेल्या चिखलाशिवाय काही नसायचं. ती गेली, पण घरातला नियम राहिला. मीही आजवर हिडकलचा मासा खाल्लेला नाही.

असा मी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, इंग्लंडमधल्या एका बुडालेल्या गावाजवळ होडीत बसून गळ टाकत होतो. तोही जावयाबरोबर, आणि जावई धारवाडच्या पक्क्या शाकाहारी घरातला! त्याच्या घरी अंडंसुद्धा येत नाही.

लेक-जावई लेस्टरला राहतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही दोघं महिनाभर त्यांच्याकडे होतो. जावयाला तिकडे गेल्यावर गळाचा नाद लागला. आधी ऑफिसातल्या मित्राबरोबर गेला, मग स्वतःची काठी घेतली, आता गॅरेजमध्ये अर्धी भिंत त्याच्या सामानाची आहे. मासा पकडायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. विहीणबाईंना हे मुळीच पसंत नाही. फोनवर त्या नेहमी विचारतात, "तिन्नंगिल्ल अंदम्याल याक हिडीती?" खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडायचा. खायचंच नाही तर त्या मुक्या जीवाला ओढून काढायचं कशाला? मी खाणारा आणि त्या न खाणाऱ्या, पण या बाबतीत आमचं एकमत होतं.

एका शनिवारी पहाटे त्याने मला आणि नऊ वर्षांच्या नातीला उठवलं. गळ टाकायला तिथे सरकारी परवाना लागतो. तेरा वर्षांखालच्या मुलांना तो नको, पण मला लागणार होता. आदल्या रात्री जावयाने संगणकावर माझा एका दिवसाचा परवाना काढून ठेवला होता. आपल्याकडे आंबोळीच्या पिठाची गोळी करून ओढ्यात गळ टाकणाऱ्या माणसाला ही मोठी गंमत वाटली.

तासाभरात रटलंड वॉटरला पोचलो. रटलंड हा इंग्लंडमधला अगदी छोटासा परगणा. १९७४ साली तो शेजारच्या लेस्टरशायरमध्ये विलीन करण्यात आला. लोकांना ते काही पटलं नाही, आणि १९९७ साली त्याला त्याचं वेगळेपण परत मिळालं. मधल्या काळात त्याचं नाव मिरवत राहिलं ते हे धरण. बांधताना त्याला एम्पिंगहॅम जलाशय म्हणत. १९७६ पासून ते रटलंड वॉटर झालं. नकाशावरच्या रेघा आणि नावं यांचं माणसाला काय असतं, हे सीमाभागातल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

पाणी दिसलं तेव्हा मात्र मी जावयाला म्हटलं, "एवढंच?" पसारा तसा मोठा, सुमारे ३१०० एकरांचा. पण साठा म्हणाल तर जेमतेम साडेचार टीएमसी. आपल्या हिडकलचा ५१ टीएमसी! आणि भरतंही वेगळ्याच तऱ्हेने. ज्या ग्वॉश नदीच्या खोऱ्यात धरण आहे ती लहानशी. त्यामुळे वेलंड आणि नीन या शेजारच्या नद्यांचं पाणी पंपाने उचलून इथे आणतात. आपल्यासारखा मृगाचा पाऊस, घाटातून धो धो येणारा लाल लोंढा, असलं काही नाही. काठापर्यंत हिरवळ, कडेने सायकलींचा रस्ता, आणि पाण्याच्या मधोमध घुसलेली हॅम्बलटनची टेकडी.

होडी सुटली आणि थोड्याच वेळात डाव्या हाताला एक देऊळ पाण्यात उभं दिसलं. देऊळ कसलं, चर्च; पण माझ्या तोंडून "अगं, देऊळ!" असंच निघालं. नॉर्मंटनचं सेंट मॅथ्यूज. धरणासाठी ते पाडायचं ठरलं होतं, लोकांनी विरोध केला म्हणून वाचलं. पाणी आत शिरू नये म्हणून खिडक्यांच्या खालपर्यंत दगड-राबीट भरून नवी जमीन केली, आणि काठापासून वाट बांधून दिली. म्हणजे खालचा अर्धा भाग भरावात गाडलेला आणि वरचा अर्धा उन्हात. जावई म्हणाला, "मामा, समोर टेकडीच्या पायथ्याशी नेदर हॅम्बलटन गाव होतं. ते अख्खं गेलं. घरं आधीच पाडली होती. टेकडीवरचं हॅम्बलटन राहिलं."

मी काही बोललो नाही. नातीने विचारलं, "अज्जा, थंडी वाजतेय का?" मी हो म्हटलं.

आता माशांकडे येतो. हे धरण ट्राउटसाठी नावाजलेलं. पण जावई जातो ते पर्च आणि झँडर या दोन शिकारी माशांसाठी. पर्च तिथला मूळचा. हिरवट अंगावर काळे पट्टे, पंख तांबडे आणि पाठीवरचा पंखा काटेरी. झँडर मात्र परका. युरोपातून इंग्लंडच्या खासगी तळ्यांत तो एकोणिसाव्या शतकातच आणला होता, पण खरा पसरला तो १९६३ नंतर. त्या वर्षी पूर्वेकडच्या ग्रेट ऊझ नदीच्या कालव्यात ९७ पिल्लं सोडली, आणि तिथून तो नद्या-कालव्यांतून वाढत गेला. रटलंडमध्ये तो पंपाच्या पाण्याबरोबर आला असावा, असं गळवाले म्हणतात. अजूनही काहीजण त्याच्याकडे घुसखोर म्हणूनच बघतात. वीस वर्षं लेस्टरला राहिलेला माझा जावई हे सांगताना स्वतःशीच हसला.

आमिष म्हणून किडा नाही, पिठाची गोळी नाही. बोटभर लांबीची रबराची मासोळी, तिच्या तोंडाशी शिशाची गोळी आणि पाठीतून निघालेला गळ. शेपूट चमच्यासारखं चपटं, पाण्यात ओढलं की थरथरतं. दोरा विणलेला असतो, तो ताणला जात नाही. त्यामुळे तीस फूट खालचा खडासुद्धा हाताला कळतो. शेवटी वीतभर पोलादी तार, कारण पाईक नावाचा मोठ्या दातांचा मासा दोरा कापून नेतो.

जावयाने शिकवलं ते असं. मासोळी तळाला टेकू द्यायची. दोरा सैल पडला की समजायचं, टेकली. मग वीतभर उचलायची आणि थांबायचं. पुन्हा टेकवायची. वाऱ्याबरोबर होडी सरकत असते, तेवढंच पुरे. झँडर तळाशी राहतो आणि बहुधा मासोळी खाली पडत असताना तिला उचलतो. झटका नसतो, नुसतं दारावर नखाने टिचकी मारल्यासारखं वाटतं. मी पहिल्या तासात अशा किती टिचक्या घालवल्या, देव जाणे. मला वाटायचं दगड लागला.

पर्च सोपा. ऑक्टोबरात लहान माशांचे थवे खोल पाण्याकडे सरकतात, पर्च त्यांच्या मागे असतात. एक सापडला की तिथेच आणखी मिळतात. नातीने एका जागी पाच काढले. प्रत्येक वेळी होडी हलवत ओरडायची, "मीनु बंतु, अज्जा, मीनु बंतु!" मला एक मिळाला, अर्ध्या किलोचा असेल. कौतुकाने मुठीत धरायला गेलो आणि त्याने पाठीचा काटा अंगठ्यात घातला.

होडीत एक छोटा पडदा होता. पाण्यात ध्वनी सोडून तळाचं चित्र दाखवणारं यंत्र. चिखल असला की रेघ पुसट, कठीण जागा असली की ठळक. टेकडीच्या बाजूने सरकताना एका ठिकाणी ती रेघ एकदम जाड झाली, थोडा वेळ सपाट गेली आणि पुन्हा पुसट झाली. जावई म्हणाला, "इथे जुना रस्ता असावा. अशा कडेला झँडर बसतात." आणि त्याने होडी वळवून पुन्हा त्याच रेघेवर घेतली.

माझा हात मात्र थांबला. रस्ता म्हणजे कुणीतरी बाजाराला गेलं असेल त्यावरून. कुणाची तरी वरात गेली असेल. आई पावलं मोजायची ते आठवलं. मी काठी आडवी ठेवून बसलो. जावयाने विचारलं तेव्हा त्याला हुन्नूरचं सगळं सांगितलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण हिडकलचा मासा आमच्याकडे का येत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. शाकाहारी माणसाला मासा का नाही खात हे कोण सांगणार! तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आपण दुसरीकडे जाऊ या का?" मी म्हटलं, "नको. इथेच थांब."

थोडं पुढे पाणी खोल झालं आणि पडद्यावर सोळा मीटरवर पाच-सहा कमानी दिसल्या. एवढे मोठे मासे एका जागी! मी उत्साहाने मासोळी सोडणार तोच त्याने हात धरला. "नाही मामा. एवढ्या खोलातून काढला तर मरेल." माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. खोल पाण्याचा दाब एकदम सुटला की ती फुगते. वरवर धडधाकट दिसला तरी पुष्कळदा असा मासा सोडल्यावर जगत नाही. म्हणून तो दहा मीटरच्या खाली गळ टाकत नाही. मासे समोर दिसत असताना त्याने इंजिन सुरू केलं आणि आम्ही उथळाकडे निघालो. विहीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर याने मिळतं असं नाही. तोंडात गळ अडकवून वर ओढलेल्या माशाला आपला नाद काय आणि आपली दया काय, सारखंच. पण दिसणारा मासा सोडून निघून जाणं मला जमलं नसतं, हे कबूल करतो.

ऊन कलायला लागलं. झँडरची वेळ हीच. अंधूक उजेडात त्याला इतरांपेक्षा चांगलं दिसतं. आठ मीटर पाणी असेल. मासोळी टेकली, उचलली, आणि टिचकी आली. या वेळी मी दगड समजलो नाही. काठी वाकली. दोन-तीनदा जड मान हलवल्यासारखं वाटलं, मग तो तळाकडे दाबत राहिला. नात श्वास धरून उभी होती. "सावकाश, मामा, सावकाश," जावई म्हणत होता. रबरी जाळ्यात आला तेव्हा तिन्ही माणसं एकदम बोलायला लागलो.

साडेतीन किलो भरला. लांबट, राखी-सोनेरी अंग, पुढे दोन सुळे, आणि डोळे मांजरासारखे, उजेड पडला की काचेसारखे चमकणारे. युरोपात हा मासा खाण्यासाठी फार नावाजलेला. हंगेरीत बालाटन तळ्याकाठी त्याची मोठी ख्याती आहे. खोटं कशाला बोलू, हळद-मीठ लावलेल्या तुकड्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. बायको तिरफळं बरोबर घेऊन आली होती, तीही आठवली.

जावयाने पक्कडीने गळ काढला आणि मासा माझ्या हातात दिला. "तुम्हीच सोडा." हात ओले करून घेतले होते. पाण्यात धरला तर तो आडवा न होता उभा राहिला, कल्ले हलले. एकदा जोर लावला आणि खाली गेला, त्या जुन्या रस्त्याच्या दिशेने. निदान मला तसं वाटलं. गार पाण्याने बोटं बधिर झाली होती.

परतताना नॉर्मंटनच्या चर्चपर्यंत चालत गेलो. उजेड जवळजवळ संपला होता. मी दगडी वाटेवरून शेवटपर्यंत गेलो आणि भिंतीला हात लावला. नातीने विचारलं, "खाली अजून देऊळ आहे?" म्हटलं, "आहे. दगडात भरलंय." "आणि तुझ्या आईचं?" "ते पाण्यात आहे. उन्हाळ्यात वर येतं."

येत्या एप्रिलमध्ये ती मंडळी बेळगावला येणार आहेत. पाणी उतरलं असेल तर हुन्नूरला जायचं ठरलंय. विहीणबाईही धारवाडहून येतील. परवा फोनवर नात म्हणाली, "अज्जा, माझी छोटी काठी आणू का? तिथे मासे असतील ना?"

असतात, म्हटलं. रोहू, कटला. आणायची की नाही ते अजून सांगितलेलं नाही.