आधी काडतूस बघा

ठासणीच्या बंदुकीवर लिहितो, असं मी संपादकांना सांगून पाहिलं. कोकणात तिला काम आहे, वानर-डुकरांनी बागायतदारांना जेरीस आणलंय, आणि त्या विषयावर मी झोपेतही चार पानं लिहीन. त्यांना पिस्तूलच हवं होतं. ‘थोडा थरार येऊ दे, तांत्रिक फार नको,’ म्हणाले. पिस्तुलातून तांत्रिक भाग काढला तर नुसता थरार उरतो, आणि तो विकायचा परवाना सरकारने मला दिलेला नाही. तेव्हा वाचकांनी थोडं सोसावं.

शस्त्रविक्री आणि दुरुस्ती हा आमचा घरचा धंदा. रत्नागिरीत त्यातलं खरं गिऱ्हाईक म्हणजे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअर बाळगणारा बागायतदार. तो येतो, छर्ऱ्याचा नंबर सांगतो, सही करून काडतुसं घेतो आणि एसटी पकडतो. पिस्तुलाचा परवाना नुकताच हाती पडलेला माणूस निराळा. कोणी चिरेखाणवाला, कोणी ठेकेदार, एखादा सराफ. तो खुर्ची ओढून बसतो. ‘काका, चांगलं पिस्तूल कुठलं?’ आणि मोबाइलवर ग्लॉकचा फोटो पुढे करतो. मी विचारतो, ‘गोळी कुठली मिळणार आहे तुला?’ त्याला हे जरा लागतं. गाडी घ्यायला गेलेल्याला कोणी आधी पेट्रोल पंप कुठे आहे ते विचारावं, तसं.

पण प्रश्न तोच आहे. आपल्याकडे काडतूस कायद्याने ठरवलेलं असतं, पिस्तूल त्याच्या मागून येतं. सैन्य-पोलिसांच्या मापाचं हत्यार नागरिकाच्या हाती नको, हे तत्त्व इंग्रजांच्या काळापासून चालत आलं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यातही टिकलं. म्हणून ९ एमएम बंद, .३८ चं रिव्हॉल्वर बंद, .३०३ रायफल बंद. .३०३ बंद, म्हणून इशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची रायफल काढली. पिस्तूलवाल्याच्या वाट्याला आलं .३२. बाहेरून हत्यारं आणणं सामान्य परवानेदाराला ऐंशीच्या दशकापासून जवळजवळ बंदच आहे, त्यामुळे निवड आणखी आखडली: देशी .३२ घ्या, नाहीतर कोणाच्या तरी आजोबांचं विलायती पिस्तूल लाखांत घ्या. ग्लॉकचा फोटो मोबाइलवरच ठेवा.

या .३२ ला नाकं मुरडणारे पुष्कळ. मला त्यांचा राग येतो. हे काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी बनवलं. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने स्लाइड मागे जायची, रिकामी पुंगळी बाहेर फेकायची आणि परतताना नवी गोळी नळीत ढकलायची, ही सगळी करामत खिशात मावेल एवढ्या यंत्रात बसवणारा हा माणूस. त्याचं नाव रत्नागिरीकराला तरी परकं वाटू नये. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात धाडली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग चालवलं. कान्हेरे आपल्या खेड तालुक्यातला. या विषयावरची भाषणं मी शाळेपासून ऐकत आलो, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला बहुतेक वेब्लीची बोजड रिव्हॉल्वरं असत. त्या पोराच्या हातातलं यंत्र साहेबाच्या यंत्राहून एक पिढी पुढचं होतं.

आता माझं आवडतं दुखणं. परवान्यावर लिहिलेलं असतं ‘.३२ बोअर’, आणि लोकांना वाटतं .३२ म्हणजे .३२. अजिबात नव्हे. पिस्तुलाचं .३२ वेगळं, रिव्हॉल्वरचं .३२ वेगळं. रिव्हॉल्वरचं काडतूस १८९६ चं, स्मिथ अँड वेसनचं. त्याची पुंगळी साडेतेवीस मिलिमीटर लांब, बुडाला चांगली ठसठशीत कड, गोळी उघड्या शिशाची. पिस्तुलाची पुंगळी सव्वासतरा मिलिमीटर, गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच. रिव्हॉल्वरचं काडतूस पिस्तुलात बसतच नाही, तेव्हा तिकडून काळजी नाही. उलट बाजूने मात्र पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्वरांच्या घरात कसंबसं सरकतं. सरकलं म्हणजे चालतं असं समजणारे महाभाग मी पाहिलेत. पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब रिव्हॉल्वरच्या काडतुसापेक्षा बराच जास्त असतो. जुन्या रिव्हॉल्वरला तो सोसेल की नाही, हे आपल्या बोटांवर तपासून पाहू नये.

आणि ती कड. पिस्तुलाच्या .३२ ला पूर्ण कड नाही, पण बिनकडेचंही नाही. पुंगळीच्या अंगापेक्षा बूड सगळं मिळून अर्ध्या मिलिमीटरने रुंद. या अर्ध्या मिलिमीटरने मला जितकं काम दिलं तितकं गंजानेही दिलं नसेल. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसतात. वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे असेल तर सगळं सुरळीत. ती मागे गेली, की स्लाइड वरचं काडतूस पुढे ढकलते, ते खालच्यात अडकतं आणि पिस्तूल जागच्या जागी दगड. अशा वेळी नुसती स्लाइड ओढून काही होत नाही, मॅगझिन काढून काडतुसं सुटी करावी लागतात. गोळी आखूड असली तर मॅगझिनमध्ये काडतुसाला पुढेमागे हलायला जागा मिळते आणि हा प्रकार वाढतो. आपल्या खडकीच्या कारखान्याची पूर्ण कवचाची गोळी पुरेशी लांब असल्याने आपल्याकडे तो कमी दिसतो. तरी गिऱ्हाईक पिस्तूल माझ्यासमोर आपटून म्हणतं, ‘देशी माल!’ देशी मालात दोष नाहीत असं नाही. चाप जड असतो, आतल्या कडा कानशीने घासाव्याशा वाटतात. पण मॅगझिन घाईघाईत भरल्याचा दोष कारखान्याच्या माथी मारू नये.

बातम्यांतही मापाचा हाच घोळ. महात्मा गांधींच्या हत्येतलं १९३४ च्या नमुन्याचं बेरेटा हे ‘नऊ एमएम’ म्हणून छापून येतं. चूक नाही, पण अर्धंच. त्याचं काडतूस नऊ एमएम कोर्टो, म्हणजे .३८०, पुंगळी १७ मिलिमीटरची. सैन्याच्या नऊ एमएमची पुंगळी १९ ची, आणि जोर जवळजवळ दुप्पट. एकाचं काडतूस दुसऱ्याच्या कामाचं नाही. नुसता व्यास सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

हे सगळं आठवायला कारण झालं एक .२५. गेल्या पावसाळ्याआधी एक बागायतदार वडिलांचं पिस्तूल घेऊन आला. वडील वारले, परवाना त्यांच्या नावाचा, तेव्हा कायद्याप्रमाणे हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. बर्मिंगहॅमचं वेब्ली अँड स्कॉट, तळहातात मावणारं. उघडून पाहिलं तर आतसुद्धा, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, कारागिराने धातू पॉलिश केलेला. असं काम हल्ली बघायला मिळत नाही. मी उगाचच ते बराच वेळ पुसत बसलो.

.२५ हेही ब्राउनिंगचंच काडतूस, १९०५ चं. गोळी सव्वातीन ग्रॅमची, जोर .३२ च्या निम्मा. त्याच्या दुबळेपणाची कथा इंग्रजी साहित्यात अमर आहे. इयान फ्लेमिंगने जेम्स बाँडला आधी .२५ चं बेरेटा दिलं होतं. १९५६ मध्ये बूथरॉइड नावाच्या एका शस्त्रजाणकाराने त्याला पत्र लिहून याबद्दल झाडलं, आणि ‘डॉक्टर नो’मध्ये बाँडचं बेरेटा काढून वॉल्थर पीपीके हाती ठेवण्यात आलं. कुठल्या मापाचं? आपण नाकं मुरडतो त्याच .३२ चं. फरक एवढाच, की बाँडला गोळ्या खात्याकडून मिळत.

या बागायतदाराला त्या मिळणार कुठून? वडिलांच्या डब्यात मूठभर उरल्या होत्या, पितळ हिरवं पडलेलं. .२५ ची काडतुसं परदेशी, आली तर दिल्ली-मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे, आणि एकेका गोळीची किंमत ऐकून माणूस ती चालवायची सोडून देव्हाऱ्यात ठेवेल. ‘नळी बदलून .३२ करून द्या ना काका,’ म्हणाला. नळी, मॅगझिन, स्लाइड, सगळंच त्या मापाचं आहे. शिवाय असा बदल करणं हा गुन्हा आहे, आणि मला तुरुंग बघायचा नाही.

खरी अडचण पुढे निघाली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानेदाराला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. याच्याकडे बागेसाठी बारा बोअर आहेच. वडिलांचं .२५ वारसाहक्काने घेतलं की दुसरी जागा भरली. मग रोकड नेताना बरोबर असावं म्हणून जे .३२ घ्यायचं मनात आहे, ते कायमचं राहिलं. कागदपत्रांचं म्हणाल तर बहीण डोंबिवलीला, भाऊ परदेशात, दोघांच्याही हरकत नसल्याच्या प्रतिज्ञापत्राची वाट बघायची. मी धंद्याला जागून सांगितलं: विकून टाक. पण .२५ ला गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि ज्याला ते हवं असेल त्याच्याही पुढे काडतुसाचा प्रश्न आहेच. माझा सल्ला बरोबर होता याबद्दल मला शंका नाही. तो देताना मात्र माझा आवाज पडला होता. तो अजून काही ठरवत नाही, आणि मीही तगादा लावत नाही.

आमच्या हवेचं जरा सांगायला हवं, कारण पुस्तकं लिहिणारे कोरड्या देशांत राहतात. इथे समुद्राची खार आणि चार महिन्यांचा पाऊस. हौसेने घेतलेलं चामड्याचं पाकीट पिस्तुलाचा सर्वांत मोठा शत्रू, ते ओल धरून ठेवतं. पाकीट कमरेला लावा, कपाटात नको. त्यात निवडणुका. २०२४ मध्ये लोकसभेला आमचं मतदान ७ मे रोजी, विधानसभेचं २० नोव्हेंबरला, आणि दोन्ही वेळा अनेकांना हत्यारं जमा करावी लागली. बँकेचे रखवालदार आणि नेमबाज यांना त्यातून सूट मिळते. जमा करताना मॅगझिन वेगळं, नळीत तेलाचा हात, नंबराचा फोटो, आणि पावतीवर नंबर बरोबर उतरलाय का ते उभ्याउभ्या तपासायचं. एका गिऱ्हाइकाचं पिस्तूल परत आलं तेव्हा स्लाइडवर अंगठ्याचा ठसा गंजाने कोरलेला होता. तो ज्याचा कोणाचा असेल त्याला घाम फार येत असावा.

सध्या जाहिराती पन्नास मीटरवर मारा करणाऱ्या रिव्हॉल्वरच्या असतात. पन्नास मीटरवरून हल्ला करणारा दरोडेखोर मी तरी ऐकलेला नाही. ज्या अंतरावर हे हत्यार उपयोगी पडतं ते एका खोलीएवढं, आणि त्या अंतरावरही पडतं ते वर्षभर हाताला सवय ठेवणाऱ्याला. परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी माणूस पिस्तूल तपासायला आणतो, तेव्हा मी काडतुसांचा डबाही मागतो. बहुतेक वेळा त्याचं सील तसंच असतं. ‘अरे, निदान रेंजवर जाऊन दहा तरी चालव,’ मी म्हणतो. तर त्याचा प्रश्न ठरलेला: ‘काका, यांना एक्स्पायरी असते का?’ कोरड्या जागी ठेवलीस तर तुझ्यापेक्षा जास्त टिकतील, असं सांगून मी डबा परत करतो.