घाटापलीकडची तंबाखू, बरणीतला चिरूट

मंडळी, कणकवली म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? भालचंद्र महाराजांचा मठ, गड आणि जानवली या दोन नद्या, मंगळवारचा बाजार, नाही तर अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली वागद्याला उभा केलेला गोपुरी आश्रम. तंबाखूचे नाव कोणी घेणार नाही आणि ते बरोबरच आहे. या तालुक्यात भात आहे, नाचणी आहे, काजू, आंबा, कोकम आहे, पण तंबाखूचे वावर शोधूनही सापडायचे नाही. तरीही जुन्या घरात ओटीवर टेकलात की पाण्याच्या तांब्यामागून पानाचे तबक येते आणि तबकात तंबाखूची डबी असतेच. राखणदाराला नारळ-कोंबडा देताना सोबत विडी ठेवण्याची रीतही काही गावांतून आहे. मग ही तंबाखू येते कोठून? तर घाटावरून, निपाणीहून.

आज तुम्हाला त्या वाटेने न्यायचे आहे. पण त्याआधी, कोकणात तंबाखू का होत नाही ते सांगतो. शेतीखात्यात आयुष्य गेल्यामुळे कोठल्याही रस्त्याला लागलो तरी आधी माती बघायची खोड जडली आहे.

तंबाखूचे पीक पानासाठी घ्यायचे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जांभ्या जमिनीतले अन्न धुपून जाते आणि पानावर रोग पडतो. पावसाळा संपल्यावर लावावी म्हटले तर ओल टिकत नाही. किनाऱ्याजवळ तर आणखी एक अडचण आहे. जमिनीत किंवा पाण्यात मीठ जास्त असले की क्लोराइड पानात उतरते आणि तसले पान नीट जळत नाही. पेटवले की विझते. म्हणूनच तंबाखूला पालाश द्यायचे तर म्युरिएट ऑफ पोटॅश देत नाहीत, सल्फेटच्या रूपात देतात. पालाशाने पान चांगले जळते, क्लोराइडने विझते. वाळलेल्या पानाला काडी लावली की त्याची जमीन कशी होती याचा अंदाज येतो.

आता निघू. कणकवलीहून फोंडाघाट गावी यायचे आणि देवगड-निपाणी रस्त्याला लागायचे. घाट चढताना डाव्या-उजव्या हाताला आपटा दिसेल, कुंभा दिसेल. दोन्ही झाडांची पाने लक्षात ठेवा. विदर्भातली टेंभुर्णीची पाने बाजारात आली त्याच्या आधीपासून आणि नंतरही गोरगरीब माणूस आपट्याच्या नाही तर कुंभ्याच्या पानात चिमूटभर तंबाखू घालून घरची विडी वळीत असे. पावसाळ्यात या घाटात उतरलात तर पायाला जळू लागेल. तिच्यावर तंबाखू-चुना लावला की ती सुटते. निकोटिन हे मुळात विषच आहे. झाडाने किडींपासून बचावासाठी ते तयार केले आहे. मावा पडलेल्या पिकावर तंबाखूचा काढा फवारीत असत तो याच कारणाने.

घाटमाथ्यावर दाजीपूर. गव्यांसाठी १९५८ साली राखलेले हे जंगल. पुढे राधानगरी, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले धरण, मग मुदाळतिट्टा, मुरगूड. इथपर्यंत आलात की मातीचा रंग बदलतो. तांबडी संपून काळी सुरू होते. पूर्वी या पट्ट्यात हिवाळ्यात दोन्ही बाजूंना तंबाखू उभी असे. आता बहुतेक ठिकाणी ऊस दिसेल. दूधगंगा-वेदगंगेचे पाणी मिळाले तसा शेतकरी उसाकडे वळला. त्यात चूक काही नाही. तंबाखू हे कोरडवाहू काळ्या रानाचे पीक. पाणी आले की तिची गरज कमी होते.

निपाणीच्या शेतकऱ्याची तंबाखूची लागवड बघितलीत तर एका गोष्टीने तुम्ही चकित व्हाल. तोही आपल्यासारखाच राब भाजतो! तंबाखूचे बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार बिया बसतात. रोप कोवळे असताना मर रोगाने वाफेच्या वाफे आडवे होतात. म्हणून वाफ्यावर पालापाचोळा, काटक्या रचून जाळायच्या आणि भाजलेल्या मातीत बी वाळूत किंवा राखेत कालवून फोकायचे. आपण भात-नाचणीसाठी हेच करतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात लावणी होते. कळी आली की शेंडा खुडायचा आणि मग बगलेतले फुटवे आठवड्या-पंधरवड्याने काढीत राहायचे. निकोटिन मुळांत तयार होते आणि पानांत चढते. वर फूल नसले की सगळा जोर पानांत साठतो. फुटवे काढणाऱ्याचे हात चिकट काळे होतात, आणि ओल्या पानात दिवसभर काम केले तर मळमळते, चक्कर येते. मुळांवर बंबाखू नावाचे बिनपानाचे तण वाढते. ते बी धरण्याआधी उपटले नाही तर पुढची कित्येक वर्षे रान सोडत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी, उन्हात वाळवणे. चांगल्या पानावर लालसर तपकिरी ठिपके उठतात. व्यापारी आधी तेच बघतो.

निपाणीत वखारी बघा. तंबाखू कुटणे, चाळणे, पोती भरणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच केली. नाकाला पदर बांधून दिवसभर त्या खकाण्यात राबायचे. निपाणीचेच लेखक महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत असत, आणि अशा कष्टकऱ्यांचे जगणे त्यांनी मराठीत लिहून ठेवले. गावचा इतिहासही साधा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी बेळगाव जिल्ह्याबरोबर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. गावाला लागून असलेले देवचंद महाविद्यालय मात्र अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. रस्ता ओलांडला की राज्य बदलते.

आणि १९८१ साल. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १४ मार्चला शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर महामार्ग अडवला. बैलगाड्या, बायकापोरे, चुली सगळे रस्त्यावर. तीन आठवड्यांहून अधिक दिवस हजारो माणसे तिथे बसली. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी गेले. त्या जागेचे नाव आंदोलननगर पडले. निपाणीला गेलात तर तिथे पाच मिनिटे थांबा.

आता परत कणकवलीकडे येऊ, कारण ज्याच्यासाठी ही वाट दाखवली तो माणूस इथला आहे. कणकवलीजवळच्या एका खेड्यात राहणारे एक निवृत्त एस.टी. चालक. कणकवली हे एस.टी.च्या सिंधुदुर्ग विभागाचे ठाणे. हे गृहस्थ बरीच वर्षे घाटावरच्या गाड्या चालवीत. निपाणीला वस्ती पडली की एखाद्या शेतकऱ्याकडून चार अख्खी पाने मागून आणीत. चुरा नव्हे, अख्खी पाने. विडीसाठी पान चुरावे लागते, चिरुटाला मात्र ते सबंध लागते. यांना छंद लागला तो चिरूट वळण्याचा.

चिरूट हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला. अर्थ साधाच, गुंडाळी. कोलंबसाची माणसे १४९२ साली क्यूबा बेटावर उतरली तेव्हा तिथले लोक पानांच्या गुंडाळ्या ओढताना त्यांना दिसले. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आपल्या किनाऱ्याला लागली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेगने ती विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली आणि १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. बंदीचे काय झाले ते तुम्ही-आम्ही पाहतोच आहोत. पुढे दक्षिणेत दिंडीगलचे चिरूट विलायतेपर्यंत गेले. गोदावरीच्या बेटांवरची लंका तंबाखू आणि बंगालच्या दिनहाट्याकडची जाती तंबाखू या कामासाठी नावाजलेल्या.

आमच्या चालकमामांची रीत सांगतो. आणलेले पान लगेच वळायचे नाही. ताज्या वाळलेल्या पानाला अमोनियाचा उग्र वास असतो, घशाला झोंबते. पाने किंचित ओलवून, एकावर एक घट्ट रचून गोणपाटात बांधायची. ढीग आतून तापतो. आपल्या शेणखताच्या खड्ड्यासारखेच हे, फक्त इथे कुजू द्यायचे नाही. हात घालून पाहायचे आणि फार तापले की वरची पाने खाली, खालची वर. दर पालटीला वास सौम्य होत जातो, रंग गडद. मग पाने चिनी मातीच्या बरणीत भरून, तोंडाला फडके बांधून, बरणी भाताच्या कणगीत पुरून ठेवायची. भोवतीचे भात ओल सावरून धरते. तरी आषाढ-श्रावणात बुरशीची भीती असतेच. तेव्हा बरणी चुलीवरच्या माळ्यावर चढते. कधी कधी बारीक तपकिरी भुंगेरा लागतो आणि पानाची चाळण करतो. मग ती पाने फेकण्यावाचून इलाज नाही.

“सायबानू, तंबाखू लोणच्यासारी. मुरल्याशिवाय तिका हात लावूचो नाय,” असे ते मला म्हणाले. दोन पावसाळे खाल्लेली पाने ते ‘शहाणी’ म्हणतात. आतून आजींचा आवाज आला, “ह्या बरणयेत माझा चार किलो लोणचा रवला असता!”

मिश्रण हा त्यांचा खरा नाद. झाडाचे वरचे पान जाड आणि कडक, खालचे पातळ आणि सौम्य. एका चिरुटात दोन्ही किती, हे त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे. एस.टी.च्या लॉगशीटसारखेच आखीव रकाने: तारीख, पान, किती महिने मुरले, कसे जळले. एका वर्षी काजूच्या बोंडाचा रस शिंपडला होता. त्यापुढे लाल शाईत एकच शब्द आहे, ‘बुरशी’. जायपत्रीचा प्रयोग त्यामानाने बरा साधला.

वळणे पाहण्यासारखे. पान पाण्याच्या हबक्याने मऊ करायचे, मधली शीर ओढून काढायची, दोन अर्धी पाने सुटी होतात. पोटात घालायची पाने लांबीच्या दिशेने सरळ ठेवायची, पीळ पडता कामा नये, नाही तर वारा खेळत नाही. त्यावर एक मजबूत पान आवळायचे. ही कांडी पाटाखाली रात्रभर दाबून ठेवायची. सकाळी अंगावरचे पान, सगळ्यांत निवडक आणि बिनफाटके, तिरप्या पट्टीने टोकापासून डोक्यापर्यंत गुंडाळायचे आणि शेवट पेजेच्या खळीने चिकटवायचा. निपाणीचे पान विडीचे, जाड. अंगावर घालायला ते तितकेसे चांगले नाही. म्हणून त्यांचा चिरूट ओबडधोबड दिसतो. त्याचे त्यांना वाईट वाटते.

पूर्वी दिवाळीनंतर त्यांच्या ओटीवर चार जुने सोबती जमत आणि वर्षाची बरणी उघडत. त्यांतल्या एकाच्या तोंडाचे ऑपरेशन झाले. चिरुटाचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो सोसतो असा पुष्कळांचा समज आहे. तो धूर तोंडातच घोळतो आणि तोंडालाच खातो. आंध्राच्या किनाऱ्यावर बायका चुट्टा उलटा, पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांना टाळूचा कर्करोग होतो हे डॉक्टरांनी केव्हाच दाखवून दिले आहे. विडीचेही तसेच. तिच्या पानातून हवा शिरत नाही, विझू नये म्हणून झुरके जास्त घ्यावे लागतात आणि सिगारेटपेक्षा अधिक डांबर आत जाते.

मामांच्याही छातीचा फोटो काढला गेला. तेव्हापासून ते ओढीत नाहीत. मी विचारले, मग बरणी कशाला? ते हसले. “डॉक्टरान ओढू नको म्हणून सांगितल्यान. वळू नको म्हणून खंय सांगितल्यान?” वर्षाला पाच-दहाच वळतात. एक राखणदाराला जातो. जुने सोबती मागतात, त्यांना मात्र देत नाहीत. एकाने रागावून येणेच सोडले आहे. बाकीचे चिरूट डब्यात साठत चालले आहेत आणि डबा कपाटात, कुलपात, कारण घरात कॉलेजात जाणारा नातू आहे.

तुम्ही विचाराल, शेतीखात्यातला माणूस तंबाखूबद्दल इतके का लिहितो? मी स्वतः पानाला चुनाही लावीत नाही. पण घाटावरच्या ज्या शेतकऱ्याचे रान अजून कोरडे आहे त्याला ‘तंबाखू सोड’ एवढेच सांगून भागत नाही. त्याच ओलीवर येणारे आणि तेवढेच पैसे देणारे दुसरे पीक त्याच्या हातात द्यावे लागते. हरभरा, करडई यांनी थोडेफार साधते, पाण्याची सोय झाली तर पुष्कळ साधते. आणि वखारीतल्या बाईचे काय, हा प्रश्न तर त्याहून अवघड.

जायचे असेल तर जानेवारीच्या अखेरीस जा. घाटात हवा छान असते, जळवा नसतात. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला निपाणी. मुरगूडच्या पुढे रस्त्याकडेला अजून एखाददुसऱ्या रानात वाळत घातलेली तंबाखू दिसेल. मालकाला विचारून एक पान उजेडात धरून ठिपके बघा, आणि हात मात्र साबणाने दोनदा धुऊन मगच भाकरी सोडा.