शपथेचं बिल किती?

तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. जुना कलीग, अंगात ब्लेझर, हातात चिमुकला अमेरिकन झेंडा आणि खाली लिहिलेलं ‘फायनली!’ आपण लाइक करतो, पुढे सरकतो. त्या फोटोमागचं बिल मात्र कुणी शेअर करत नाही. न्यू जर्सीत आतेबहिणीकडे गेलो, तेव्हा तिचा नागरिकत्वाचा अर्ज चालू होता. मग मॉल सोडले आणि त्या अर्जाच्या मागे मागे गाव हिंडलो.

देवी पाठमोरी

सुरुवात लिबर्टी स्टेट पार्कपासून करा. जर्सी सिटीच्या या किनाऱ्यावरून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो तो पाठमोरा! पोस्टकार्डवरचा चेहरा समुद्राकडे, आपल्या वाट्याला पाठ. शेजारीच एलिस बेट. 1892 ते 1954 या काळात लाखो लोक इथून अमेरिकेत शिरले. पण सगळे बेटावर उतरत नसत. फर्स्ट आणि सेकंड क्लासवाल्यांची तपासणी बहुधा बोटीवरच उरकायची, रांग लागायची ती स्वस्त तिकीटवाल्यांची. 1907 पासून माणशी 4 डॉलर कर होता. तो बोट कंपनी भरायची, म्हणजे अर्थातच तिकिटातून वसूल करायची. थोडक्यात, जास्त पैसे मोजले की रांग टळते हा फंडा जुनाच.

पाट्यांचा रस्ता

तिथून जर्नल स्क्वेअरला या. स्टेशनपासून जवळच न्यूअर्क अव्हेन्यूचा ‘इंडिया स्क्वेअर’ लागतो. खाली डोसा, सोनं, साड्या, किराणा आणि मधूनच वर नजर गेली की टॅक्स, इन्शुरन्स, इमिग्रेशनच्या पाट्या. इथेच एका टेबलावर, चहाच्या दोन कपांमध्ये, बहिणीने हिशोब मांडला.

‘‘दादा, सरकारी फी अगदी सरळ आहे. ऑनलाइन अर्ज 710 डॉलर, कागदावर 760.’’

हे दर 1 एप्रिल 2024 पासूनचे. रुपयांत साठ हजारांच्या घरात. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर 380 डॉलर. अर्ज फेटाळला गेला तर पैसे परत नाहीत. 2007 च्या जुलैअखेरीपर्यंत हेच काम बोटांच्या ठशांसकट 400 डॉलरमध्ये व्हायचं, 30 जुलैपासून एका झटक्यात 675 झालं. पण सगळ्यात मोठा फरक वेगळाच. एच-वनचा खर्च आणि ग्रीन कार्डच्या पहिल्या टप्प्याचा वकील हे कायद्यानेच कंपनीच्या खिशातून. नागरिकत्वाचा खर्च तुमचा तुम्ही बघायचा!

‘‘मग वकील कशाला? फॉर्म तर तूच भरशील.’’

‘‘भरला असता रे. पण ते सात महिने आहेत ना...’’

2022 मध्ये माझे आतोबा आजारी पडले, तेव्हा ती साताऱ्याला सात महिने राहिली होती. नियम असा : ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं अमेरिकेत सलग वास्तव्य हवं, आणि त्यातले निदान तीस महिने प्रत्यक्ष तिथे काढलेले हवेत. एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर सलगता तुटली असं गृहीत धरतात. वर्षाच्या आत परतला असाल तर ते खोडून काढता येतं. पण पुरावे तुम्ही द्यायचे. घराचं भाडं चालू होतं, नोकरी सोडली नव्हती, टॅक्स भरला होता, नवरा-मुलगा इथेच होते, वगैरे. वर्षाच्या पुढे गेलात तर प्रकरण आणखी अवघड.

त्या सात महिन्यांसाठी तिने वकील केला. पहिल्या अर्ध्या तासाचे 200 डॉलर, मग सगळ्या केसचे ठोक 1,800. म्हणजे बापाच्या उशाशी बसल्याचं बिल सरकारी फीच्या अडीच पटीपेक्षा जास्त! ती हे हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

नोटरी म्हणजे वकील नव्हे

जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेन पकडली की मध्ये फक्त हॅरिसन, आणि पुढे न्यूअर्क. स्टेशनच्या मागे आयर्नबाउंड हा पोर्तुगीज-ब्राझिलियन लोकांचा भाग. मस्त बेकऱ्या आणि ‘नोटारिओ’च्या पाट्या. सांभाळा! आपल्याकडे नोटरी म्हणजे बहुतेकदा काळा कोटवाला. अमेरिकेत तो फक्त सही-शिक्क्याचा धनी, कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार परवानाधारक वकिलाला, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थांतल्या प्रतिनिधींना. या संस्था अनेकदा नाममात्र पैशांत काम करतात. सलग राहिलात, पोलीस केस नाही, टॅक्स चोख आहे, तर वकिलाशिवायही भागतं. परीक्षेचे 128 प्रश्न सरकारी वेबसाइटवर फुकट मिळतात. विचारतात जास्तीत जास्त 20, बरोबर यायला हवेत 12.

स्टेशनच्या दुसऱ्या बाजूने चालत ब्रॉड स्ट्रीटला गेलं की पीटर रोडिनो फेडरल बिल्डिंग. मुलाखत इथेच. बहीण फाइल घेऊन वकिलासोबत आत गेली, मी बाहेर फुटपाथवर. उभ्या उभ्या आठवले सखाराम गणेश पंडित. नाव आपल्या ओळखीचं वाटतं ना? 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला अमेरिकन सुप्रीम कोर्टात याच वकिलाने लढवला. निकाल विरुद्ध गेला, भारतीयांना नागरिकत्व नाही! मग सरकार ज्यांना आधी मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला निघालं. पंडितांचं स्वतःचंही. ते कोर्टात लढले, आणि 1927 मध्ये त्यांचं नागरिकत्व कायम राहिलं. बाकीच्यांना दार उघडलं ते थेट 1946 च्या कायद्याने, आणि नव्याने येणाऱ्यांना मात्र वर्षाला 100 जणांचाच कोटा. त्या मानाने आजचं बिल निदान छापील तरी आहे.

शपथेनंतर

तासाभराने बहीण बाहेर आली. पास! पण मीटर चालूच. पहिला अमेरिकन पासपोर्ट 165 डॉलर. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट रद्द करून घ्यायचा, त्याची फी वेगळी. मग ओसीआय कार्ड, 275 डॉलर अधिक सर्व्हिस चार्ज. त्यावर आयुष्यभर व्हिसाविना ये-जा करा. मत मात्र देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारशाने आली तर ठेवता येते.

‘‘म्हणजे साताऱ्याचं रान राहील,’’ मी म्हटलं.

‘‘राहील. पण आता आईसाठी आठ महिने जाऊन राहिले तरी कुणी विचारणार नाही. पैसे मी त्याचे भरलेत.’’

तेव्हा मित्रांनो, ग्रीन कार्डवर असाल आणि घरून फोन आला, तर जरूर जा. फक्त तिकिटं, भाड्याच्या पावत्या, टॅक्सचे कागद एका फाइलीत लावून ठेवा. आणि सहा महिने उलटायच्या आत एकदा वकिलाला विचारा. तो अर्धा तास सगळ्यात स्वस्त पडतो.