बापूजींची निळी बाटली

गेल्या वर्षीच्या संवत्सरी प्रतिक्रमणात बापूजी खमासमण देण्यासाठी वाकले आणि पुन्हा उठलेच नाहीत. शेजारच्या दोघा श्रावकांनी त्यांना धरून भिंतीशी टेकवून बसविले. पंचाहत्तरीचे वय, त्यात चौविहार उपवास. अशक्तपणा आला असेल, असेच सर्वांना वाटले. मलाही तसेच वाटले. घरी आणल्यावर मात्र बोलताना त्यांची जीभ जड पडू लागली, डोळे आपोआप मिटू लागले आणि नाडी मोजली तर मिनिटाला 46 भरली. त्याच रात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. दोष उपवासाकडे जात नव्हता. तो जात होता आमच्या फडताळात गेली वीस वर्षे उभ्या असलेल्या एका निळ्या बाटलीकडे. ती बाटली मीच आणून देत असे. म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

आमचे धान्याचे आडत दुकान आहे. सकाळी पूजा आटोपून गादीवर बसायचे ते सूर्यास्तापूर्वी जेवायला उठायचे, हा बापूजींचा पन्नास वर्षांचा क्रम. गिऱ्हाईक समोर असताना पाणी पिण्यासाठी उठणे त्यांना आवडत नसे. उकळलेल्या पाण्याचा तांब्या सकाळी भरून ठेवलेला असे, तो संध्याकाळी जवळजवळ तसाच परत येई. सूर्यास्तानंतर चौविहार, म्हणजे पुन्हा सकाळच्या नवकारसीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. बैठे काम, अपुरे पाणी आणि दुपारच्या चहाबरोबर खारी नाहीतर टोस्ट. पोट साफ न होण्यास आणखी काय लागते? ही तक्रार आपल्या व्यापारी घरांत इतकी सर्रास आहे की तिला कोणी आजार म्हणत नाही. ती वयाबरोबर येणारी गोष्ट समजली जाते.

त्यावर बापूजींनी शोधलेला उपाय म्हणजे मिल्क ऑफ मॅग्नेशिया. आमची बा या नावामुळे अनेक वर्षे फसली होती. त्यात दूध असते, दूध ही विगई, तेव्हा आयंबिलच्या दिवशी ते चालणार नाही, असे म्हणून ती ओळीच्या दिवसांत बाटली उचलून ठेवीत असे. वास्तविक त्यात दुधाचा अंशही नसतो. पाण्यात मिसळलेले मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पांढरे दिसते, एवढेच. बापूजी संध्याकाळच्या जेवणानंतर, सूर्य मावळण्याच्या आत, त्याचे दोन मोठे चमचे घेत. मी व्यापाऱ्याचा मुलगा. बाटल्या डझनाने आणीत असे, कारण डझनावर सूट मिळे.

हे औषध कसे काम करते, ते मला रुग्णालयाच्या बाकावर बसल्यावर कळले. मॅग्नेशियमचा क्षार आतड्यात गेला की त्याचा थोडा भाग रक्तात शोषला जातो, उरलेला आतड्यातच राहतो आणि आजूबाजूचे पाणी आपल्याकडे ओढून घेतो. त्या पाण्याने मळ मऊ होतो, आतडे फुगते आणि फुगल्यामुळे आकुंचन पावून पुढे ढकलू लागते. याचा अर्थ, पोट साफ करणारे खरे द्रव्य पाणीच आहे. मॅग्नेशियम त्याला बोलावून आणते. दिवसभर तांब्याला हात न लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून हे पाणी ओढले जात होते.

जे थोडे रक्तात शिरते, ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंडे निरोगी असतील तर जास्तीचे मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जाते आणि काही बिघडत नाही. बापूजींना रक्तदाबाचा विकार जुना; त्याने मूत्रपिंडे हळूहळू क्षीण झाली होती आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्यातच पर्युषणाचे पहिले सात दिवस त्यांनी एकासणे केली. एकदाच जेवण, त्यामुळे बद्धकोष्ठ वाढले; म्हणून एकासण्याच्या बैठकीतच त्यांनी दोनाचे चार चमचे केले. मळ आतड्यात अडकून राहिला की क्षारही तिथेच राहतो आणि अधिक शोषला जातो. शेवटच्या दिवशी चौविहार उपवास, म्हणजे पाणीही बंद. अशा रीतीने चारही बाजूंनी वाट अडली.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, “रोज कोणकोणती औषधे घेतात?” मी रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगितले आणि थांबलो. बाटलीचे नाव माझ्या तोंडी आलेच नाही, कारण आमच्या लेखी ते औषधच नव्हते. बा मागून म्हणाली, “आणि ते पांढरे, दुधासारखे? ते तर रोज घेतात.” डॉक्टरांनी लेखणी थांबवून वर पाहिले. रक्त तपासले तेव्हा मॅग्नेशियम नेहमीच्या तिपटीहून अधिक निघाले. मॅग्नेशियम वाढले की स्नायू व मज्जातंतू मंदावतात; गुंगी येते, रक्तदाब उतरतो, हृदयाची गती कमी होते आणि फारच वाढले तर श्वासही थांबू शकतो. बापूजींच्या गुडघ्याखाली हातोडीने हलकेच ठोकून पाहिले, तर पाय हललाच नाही.

आता शिरेतून कॅल्शियमचे औषध आणि सलाईन तातडीने द्यायचे होते. बापूजींना तेवढ्या गुंगीतही ते समजले आणि त्यांनी हात मागे घेतला. “रात्री नाही. सकाळी.” संवत्सरीचा उपवास, चौविहाराचे पच्चक्खाण, आयुष्यात एकदाही मोडलेले नाही. साधू-साध्वी रात्री विहार करीत नाहीत, तेव्हा कोणा महाराजसाहेबांना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होत्या. मी बापूजींच्या कानाशी वाकून म्हणालो, “पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. पाठशाळेत तुम्हीच आम्हाला तो शिकविलात.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हात पुढे केला. त्या दोन-तीन मिनिटांत मी त्यांचा मुलगा होतो की त्यांचे व्रत मोडणारा, हे मला आजही ठरविता येत नाही. डायलिसिसची तयारी ठेवली होती. सुदैवाने गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले आणि पहिली गोष्ट केली ती महाराजसाहेबांकडे आलोयणा घेण्याची चौकशी.

घरी आल्यावर मी बाटलीवरचा बारीक मजकूर प्रथमच वाचला आणि हिशेब मांडला. नेहमीच्या प्रमाणाच्या औषधात एका मोठ्या चमच्यात, म्हणजे 15 मिलिलिटरमध्ये, सुमारे 500 मिलिग्रॅम मॅग्नेशियम भरते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण 300 ते 450 मिलिग्रॅम. बापूजी चार चमचे घेत होते. सगळे रक्तात जात नाही हे खरे, तरी आकडा पाहून मी वही मिटली.

मग ही दिवसाची गरज जेवणातून भागत होती का? इथे मला आमच्याच धंद्याची लाज वाटली. गव्हातील मॅग्नेशियम मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते. 100 ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात ते सुमारे 130 मिलिग्रॅम असते, तेवढ्याच मैद्यात 25 च्या आसपास. नुसत्या कोंड्यात मात्र 600 मिलिग्रॅमपर्यंत जाते. कोंड्यातला चोथा तर आतड्याला हवाच असतो. त्याचा काही भाग मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जीव आंबवितात आणि त्यातून होणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. आमच्या घरी पीठ बारीक चाळणीने चाळून फुलके होत, खाऱ्या-नानखटाया मैद्याच्या येत, आणि चाळलेला कोंडा दुकानातल्या कोंड्याबरोबर दर शनिवारी पांजरापोळात जाई. जीवदया म्हणून ते उत्तमच. पण गाईंना जे मिळत होते तेच आम्ही बाटलीतून विकत आणत होतो.

आपल्या आचारात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पानांचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो, त्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. म्हणून पालेभाज्या हा त्याचा चांगला आधार. तीळ तर त्याहून समृद्ध, 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम. परंतु आमच्या घरी फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत पालेभाजी आणि तीळ दोन्ही बंद असतात, आणि पाच तिथींना तर कोणतीच हिरवी भाजी नाही. त्यागात मला काही खोट दिसत नाही. मात्र जे सोडले त्याच्या जागी काय घेतले, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. त्या जागी मैदा आणि तळण आले. उत्तर आमच्या गोदामातच पडले होते. अख्खे मूग (100 ग्रॅममध्ये सुमारे 190 मिलिग्रॅम), ज्वारी, बाजरी, नाचणी (120 ते 150) ही सारी चौमासीतही चालणारी धान्ये आहेत. कडधान्यांतील फायटिक आम्ल मॅग्नेशियम धरून ठेवते. मूग काही तास भिजविले की ते थोडे कमी होते. मोड आलेले कडधान्य आमच्याकडे अनंतकाय म्हणून वर्ज्य, म्हणून बा सकाळी भिजवून दुपारी शिजविते. मोड येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

ही हकीकत कळल्यावर ओळखीच्या अनेकांनी मला विचारले, “मग मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्याव्यात का?” मी वैद्य नाही; मी फक्त पाहिलेले सांगू शकतो. मूत्रपिंडाची तपासणी केल्यावाचून, डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणीही ही गोळी, पूड किंवा बाटली रोजची करू नये. साठीनंतर तर नाहीच. आपल्यासाठी एक वेगळी सूचना: कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, ते प्राणिज, आणि औषधाच्या वेष्टणावर हिरवा ठिपका सापडेलच असे नाही. विचारून घ्यावे. उलट बाजूही आहे. गादीवर बसणारे आपल्यापैकी कित्येक जण ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे रोज घेतात. त्यातील काही प्रकारच्या गोळ्यांनी रक्तातले मॅग्नेशियम कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्येच दिला आहे. माझ्या स्वतःच्या खिशात तीच गोळी होती. मीही रक्त तपासून घेतले.

बापूजींच्या गादीशेजारी आता दोन तांबे असतात. सूर्यास्तापूर्वी दोन्ही रिकामे झाले की नाही, हे माझी धाकटी मुलगी येऊन पाहते आणि आजोबांना उलटतपासणीला उभे करते. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यापलीकडे तिला जाऊ देत नाही. पीठ जाड चाळणीने चाळले जाते, क्वचित चाळलेच जात नाही. पहिले दोन आठवडे पोट फुगले, बापूजी रागावले, आणि एकदा त्यांनी फडताळ उघडून पाहिले. बाटली तिथे नव्हती. आता बहुतेक दिवस औषधाविना जातात. काही दिवस जात नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी दिलेले दुसरे, मॅग्नेशियम नसलेले औषध घ्यावे लागते.

कोंडा घरी राहू लागल्यावर पांजरापोळाचे पोते हलके झाले. बापूजींच्या ते पहिल्याच शनिवारी लक्षात आले. गादीवरून उठून त्यांनी काटा पाहिला आणि मुनीमजींना सांगितले, “पूर्वीइतकाच भरा. कमी पडेल तो दुकानातून घाला, आणि माझ्या खात्यावर लिहा.”