वैशाखातली भिंत

गेल्या वैशाखात आम्ही आमचे राहते घर लोकांना दाखवावयास काढले. 'दाखवावयास' हा शब्द लिहिताना हात किंचित अडखळतो. आपल्या लोकांत दाखवण्याचा कार्यक्रम व्हायचा तो उपवर मुलीचा. पोहे, सरबत, ठेवणीतली साडी आणि घरातल्या कर्त्यांच्या चेहऱ्यावरचे उसने हसू, असा त्याचा थाट असे. वीट-सिमेंटच्या घरालाही त्याच दिव्यातून जावे लागते, हे आम्हांला पन्नाशी उलटून बरीच वर्षे झाल्यावर उमगले.

घर भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये, ऐंशी फुटी रस्त्यावरून आत वळल्यावर. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी झाले, आणि ग्वाल्हेर-इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे सरकारी नोकरीपाठोपाठ या तलावांच्या गावी येऊन स्थिरावली. आमचे वडील त्यांतलेच एक. त्यांनी १९७८ साली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधले. पुढे १९९१ साली धाकट्याच्या अभ्यासासाठी पश्चिमेला एक खोली जोडली. ही 'जोडली' क्रिया वाचकांनी ध्यानात ठेवावी. सगळी कथा तिच्यातूनच झिरपणार आहे.

वडील गेले. धाकटा पुण्याला, त्याच्या मुलीच्या उच्च शिक्षणासाठी त्याला त्याचा वाटा हवा होता, आणि तो मागण्याचा त्याला पुरता अधिकार होता. आमची निवृत्तीही फार दूर नाही. आई पंच्याऐंशीच्या पुढे. तेव्हा घर विकून कोलार रस्त्याकडे उद्वाहन असलेल्या इमारतीत लहानसे घर घ्यावे, असे ठरले. शाळेला सुट्टी, म्हणून मुहूर्त उन्हाळ्याचा. चाळीस अंशांच्या वर पारा असताना घर कोण पाहावयास येणार, अशी शंका आम्ही दलालाजवळ बोलून दाखविली. तो अनुभवी गृहस्थ हसला. म्हणाला, "मास्टरसाहेब, घर दाखवावे ते उन्हाळ्यातच. ऊन सगळ्यांच्याच घरी असते. ओल ज्याची त्याची असते."

मग तयारी सुरू झाली. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवतो आणि स्लॅबखालची खोली खरोखरच थोडी निवते. हे दरवर्षी करावयास हवे होते, आणि केले ते घर दुसऱ्याला द्यायच्या वेळी! कूलरमधले जुने कुजके गवत काढून नवे भरले. समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवण्याचे सौभाग्यवतींनी आपल्याकडे घेतले, कारण आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर गारव्याऐवजी चिकचिकाटच देतो. पाहणाऱ्यांना सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर बोलवायचे, ते येण्यापूर्वी तासभर कूलर चालू ठेवायचा, माठाशेजारी वाळ्याचे सरबत तयार ठेवायचे. आईची औषधे, तिची काठी, कोपऱ्यातली तिची जुनी ट्रंक हे सारे दृष्टीआड करायचे. "मीही ट्रंकेत बसू का?" असे आईने विचारले, तेव्हा कुणालाच हसू आले नाही.

आणि पश्चिमेची ती खोली. जुन्या स्लॅबला नवा स्लॅब जिथे मिळाला, तिथे एक बारीक भेग आहे. गवंड्यांनी ती तीनदा बुजविली, तिन्ही वेळा ती पुन्हा उघडली. वेगवेगळ्या वेळी बांधलेली दोन बांधकामे उन्हात आणि थंडीत आपापल्या परीने फुगतात, आकसतात. पश्चिमेचा पाऊस झोडपू लागला की पाणी त्या सांध्यातून भिंतीत उतरते. आषाढ-श्रावणात तिथे बादली ठेवावी लागते. वैशाखात मात्र भिंत कोरडी ठणठणीत. उरतो तो पांढरा लोणा आणि सुटलेले पोपडे. रंगाऱ्याने ते खरवडले, पुट्टी भरली, वर फिकट मोतिया रंग दिला. ती भिंत साऱ्या घरात देखणी झाली. आम्हीही तिच्याकडे दोन-तीनदा कौतुकाने पाहिले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पाहणारे येऊ लागले. एकाने फीत काढून स्वयंपाकघर मोजले. दुसऱ्या बाई ओटा कोणत्या दिशेला आहे यावरच अर्धा तास बोलल्या. एका तरुणाने दबक्या आवाजात विचारले, "चौऱ्याऐंशीत इथे काय झाले होते?" त्याला आम्ही सांगितले. २ डिसेंबर १९८४ची मध्यरात्र उलटल्यावर कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुटलेला विषारी वायू शहरात पसरला, तेव्हा आम्ही महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर होतो. डोळे आगीसारखे झोंबत होते. वडिलांनी आईला आणि धाकट्याला पुढे घातले, आणि गर्दी जिकडे धावत होती तिकडे आम्हीही निघालो. परतलो तेव्हा किल्ली बाहेरून कुलपातच होती. घरातली एक वाटीही हलली नव्हती. आमच्या वाट्याला खोकल्यावर निभावले. स्टेशनापलीकडच्या वस्त्यांतून किती जण परतलेच नाहीत. तरुणाने ऐकून घेतले, आभार मानले आणि तो पुन्हा आला नाही.

पहा, चाळीस वर्षांमागचे ते मरण आम्ही विचारताक्षणी सांगितले. भिंतीचे मात्र कुणी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. अशा अकरा जणांना ती खोली आम्ही दाखविली.

बारावा आला तो आमचाच जुना विद्यार्थी. आता रेल्वेत नोकरीला. बरोबर पत्नी आणि दोन लहान मुली. दारातच वाकून नमस्कार केला. सरबत घेतले, आईजवळ बसून विचारपूस केली. खोल्यांतून तो नुसता चालत गेला. नळ सोडून पाहिला नाही, गच्चीवर चढला नाही. पत्नीने काही विचारू पाहिले तर म्हणाला, "सरजी का घर है, इसमें देखना क्या!" मग त्या मोतिया भिंतीवर हात ठेवून मुलींना म्हणाला, "ही तुमची अभ्यासाची खोली."

दलालाने आम्हांला डोळ्याने खूण केली. अर्थ उघड होता: हाच तो. आम्ही याच मुलाला सहावीत असताना हजेरीपटावर स्वतःच उपस्थितीची खूण केल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केले होते. त्याला ते आठवत होते की नाही, कोण जाणे. आम्हांला आठवले.

"बाळा, ही भिंत पावसाळ्यात गळते," आम्ही म्हणालो. घशाला कोरड पडली होती. ते केवळ उन्हामुळे नव्हे. "रंग तीन आठवड्यांपूर्वीचा आहे. आषाढात ये आणि पाहून ठरव."

त्याने हात भिंतीवरून काढून घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. दिसला तो काहीसा संकोच, जणू चूक त्याच्याच हातून झाली होती. त्याची पत्नी मात्र तेव्हापासून मोकळेपणाने बोलू लागली आणि तिने पुढचा तासभर एक नळ, एक खिळा सोडला नाही.

रात्री धाकट्याचा फोन आला. "दादा, घेणाऱ्याने डोळे उघडून घ्यायचे असते. तुझ्या सचोटीचा निम्मा खर्च माझ्या खिशातून जातो." यात तथ्य नव्हते असे कसे म्हणावे? आमच्या गल्लीत एक वकील राहतात, त्यांना विचारले. त्यांनी संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे पंचावन्नावे कलम दाखविले. विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास साधारण काळजीने कळण्याजोगा नसलेला मोठा दोष, वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. दडविला तर ती लबाडी ठरते. धाकटा यावर गप्प बसला. पण आम्ही बोललो तेव्हा हे कलम आम्हांस ठाऊक नव्हते, आणि त्याआधीच्या अकरा जणांच्या वेळीही नव्हते; तेव्हा त्याचे श्रेय किंवा त्याची सबब, दोन्ही आम्हांस घेता येत नाही. त्या अकरांपैकी दोघे अजून चौकशी करीत होते. त्यांनाही आम्ही फोन करून सांगितले. एकाने लगेच भाव पाडला, दुसऱ्याने फोनच ठेवला. दलाल आठवडाभर आमच्या गल्लीत फिरकला नाही.

आषाढातल्या पहिल्या झोडपत्या पावसात, छत्री उलटी झालेल्या अवस्थेत, विद्यार्थी आणि त्याची पत्नी दारात उभे राहिले. सोबत गवंडी होता. भिंतीवर मोतिया रंगाचा फुगा धरून त्यातून पाणी ओघळत होते; खाली आईने सकाळीच बादली मांडून ठेवली होती. गवंड्याने गच्चीवर जाऊन सांधा पाहिला, खर्च सांगितला. तेवढी रक्कम ठरलेल्या किमतीतून वजा करून इसाराचा कागद झाला. वजा झालेला धाकट्याचा निम्मा भाग आम्ही आमच्या वाट्यातून भरून दिला. त्याने एकदा नको म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले नाही.

सामान बांधणे आता सुरू आहे. काल आईने विचारले, ती बादली न्यायची की त्यांच्यासाठी ठेवायची. सौभाग्यवती म्हणाल्या, ठेवू या; गवंड्याचे काम पुढच्या पावसापर्यंत कळायचे नाही.