गवंडीमामांची वही

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्याविषयी सगळे चांगलेच बोलतात. मेलेल्याची उणी काढू नयेत, हे खरे. पण नुसते गोड बोलले की माणूस अर्धाच आठवतो आणि त्याच्यापायी ज्यांनी सोसले त्यांचे नावसुद्धा निघत नाही. म्हणून आमच्या थोरल्या मामांविषयी जे खरे आहे तेच लिहिते आहे. हे लिहायला मामीची परवानगी आहे. ती म्हणाली, "लिही पोरी, पन दोन्ही बाजू लिही."

मामा मूळचे बीड जिल्ह्यातले. 1972 च्या दुष्काळात ते 16-17 वर्षांचे होते. आजोबा, आजी आणि मामा असे तिघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. पुढे मामांनी मुंबई गाठली. चेंबूरला गावकीतल्या एकाच्या झोपडीत अंग टेकायला जागा मिळाली. सकाळी नाक्यावर उभे राहायचे, मुकादम बोट दाखवील त्याने त्याच्यामागे जायचे, बाकीच्यांनी हात हलवत घरी परतायचे. पहिली तीन-चार वर्षे मामांनी बिगारी म्हणून नुसती घमेली वाहिली. दुपारी मिस्त्री जेवायला बसले, की हे त्यांची थापी घेऊन एखाद्या कोपऱ्यात दोन विटा लावून बघत. शिव्या खात खात असे ते गवंडी झाले.

काम मात्र असे, की नाव ठेवायला जागा नसे. वीट आधी पाण्यात भिजलीच पाहिजे, कारण कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते आणि मग भिंत धरत नाही. सांध्यावर सांधा येता कामा नये. घट्ट होत आलेल्या मालात पुन्हा पाणी टाकून तो वापरायचा नाही. भिंत झाल्यावर निदान सात दिवस पाणी मारायचे. मालक म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री, आतून कोण बघतंय?" तर मामा म्हणत, "ओळंबा बघतो." वीट वाकडी लागली की केलेला थर पाडून पुन्हा लावत. त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, पण वाकडी भिंत मागे सोडायची नाही.

सिमेंटने त्यांच्या हातांची साले निघत. बोटांना भेगा पडत आणि भाजीतले तिखट झोंबे. रात्री मामी त्या भेगांत गोडेतेल चोळी. ते हात मला अजून दिसतात.

आता दुसरी बाजू. मामा पीत. शनिवारी आठवड्याचा हिशेब मिळाला की घरी यायला उशीर होई आणि आले की घरात सगळे चिडीचूप होत. मामीवर त्यांचा हात उठलेला मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. मोठेपणीही त्याला मी दुसरे नाव देऊ शकत नाही. तापट इतके, की ठेकेदाराशी भांडण झाले की थापी टाकून निघून येत आणि मग आठ-आठ दिवस घरी बसत. कधी एका जागेची उचल घेऊन दुसऱ्याच जागी कामाला जात. लोक दाराशी येऊन ओरडत आणि त्यांना तोंड द्यायला पुढे होई ती मामी.

आणि हाच माणूस दुसऱ्यासाठी जीव टाकी. एका पावसाळ्यात वस्तीतल्या एका विधवा बाईची भिंत कोसळली. मामांनी दोन रात्री दिवा लावून ती उभी केली आणि चहाखेरीज काही घेतले नाही. दहा-बारा पोरांच्या हातात त्यांनी हा धंदा दिला. पोरगा पहिली भिंत सरळ लावी, त्या दिवशी स्वतःच्या पैशाने त्याला नवी थापी आणून देत. माझी बारावीच्या परीक्षेची फी भरायची होती. वडिलांचे काम सुटलेले. मामांनी नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "शिक माय, माझ्यासारखी उन्हात उभी राहू नको." त्या नोटा मामीची तांब्याची घागर मोडून आल्या होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. घागर तिला तिच्या आईने लग्नात दिलेली होती. मामांनी मागितली आणि तिने दिली. नाव मात्र मामांचे झाले.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. पुण्यानुमोदनाला वस्तीतली, गावाकडची बरीच माणसे आली. प्रत्येक जण उठून त्यांच्या दिलदारपणाच्या आठवणी सांगत होता. मामी गप्प ऐकत होती. पाहुणे परतल्यावर तिने पेटीतून एक दोनशे पानी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "वाच," म्हणाली. मामांच्या मोडक्या अक्षरात एका बाजूला देणे आणि दुसऱ्या बाजूला येणे. देणे थोडे होते. येणे पानेच्या पाने भरून. कुणाच्या प्लास्टरचे राहिलेले, कुणाला हातउसने दिलेले, कुणाच्या लादीचे.

मामीने एकेक नाव ऐकून दोन वाटण्या केल्या. ज्यांची चूल कशीबशी पेटते, त्यांच्या नावांवर तिने मला काट मारायला लावली. ज्यांची आता दुमजली घरे झाली, दुकाने झाली, त्यांच्याकडे मुलाला पाठवले. एक जण म्हणाला, "मामांनी असं कधी मागितलं नसतं." मामीच्या कानावर हे गेले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्यांनी मागितलं न्हाई म्हून मी चार घरची भांडी घासली. त्यांचं देनं मी फेडलं. आता येनंबी मीच घेनार."

काहींनी दिले, काहींनी तोंड फिरवले. आलेल्या पैशातून तिने आधी सिमेंटवाल्याची उधारी चुकती केली.

ही वही वाचल्यापासून मला वाटते, मामांचा दिलदारपणा खोटा नव्हता, पण त्याची किंमत दोघांनी मोजली आणि श्रेय एकाला मिळाले. असे संसार आपल्या वस्त्यांत थोडे नाहीत.

आणखी एक गोष्ट सलते. बांधकाम मजुरांसाठी केंद्र सरकारने 1996 साली कायदा केला. 18 ते 60 वयाच्या मजुराला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला दाखवून नोंदणी करता येत असे. नोंदणीची माहिती आमच्यापर्यंत आली तेव्हा मामांची साठी जवळ आली होती. ज्यांच्या इमारती त्यांनी उभ्या केल्या त्यांतल्या एकाही ठेकेदाराने तो दाखला लिहून दिला नाही आणि मामाही ताठ, दुसऱ्यांदा विचारायला गेले नाहीत. आयुष्यभर भिंती बांधणारा माणूस कोणत्याही कागदावर कामगार म्हणून नोंदला गेला नाही.

म्हणून ज्यांच्या घरात आज कुणी नाक्यावर उभे राहते, त्यांना माझे सांगणे आहे. कामाचे दिवस रोज लिहून ठेवा. वय आहे तोवर नोंदणी करून घ्या आणि दाखल्यासाठी दहादा जावे लागले तरी जा. मजुरीचा हिशेब घरातल्या बाईला माहीत असू द्या. दान जरूर करा, पण कुणाची घागर मोडून करता आहात ते आधी तिला विचारा.

मामांकडे शिकलेली पोरे आज स्वतः मिस्त्री आहेत. त्यांच्या हाताखाली नवी पोरे आहेत. ओळंबा सोडताना ती मामांचे नाव घेतात. मी त्यांना सांगत असते, बाबांनो, मामीचेही घ्या.